दुपारचा डाव

हेडबाईंच्या खोलीतला फोन वापरायचा तर आधी कारण सांगावं लागे, म्हणून सरिता भोये शक्यतो तो वापरतच नसे. त्या बुधवारी मात्र मधल्या सुट्टीत तिनं घरी फोन लावला, गॅसची टाकी आली का एवढंच विचारायला. भागीबाईनं उचलला. "हां बाई, आली टाकी. जुनी देऊन टाकली," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजामागून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, एक पुरुष हसला. टीव्हीतलं हसणं नव्हतं ते. आधी पोटातून उकळी फुटावी तसं, मग श्वास अडकून नाकातून सुटणारं, आणि शेवटी उचकीसारखं दोनदा. "कोण आलंय घरी?" सरितानं विचारलं. "कोणी नाय. दादाच हायेत," भागीबाई म्हणाली, तिच्याही आवाजात हसू होतं, कुणी गुदगुल्या करत असताना बोलावं तसं. सरितानं फोन ठेवला, पण हात तसाच राहिला त्याच्यावर. हेडबाईंनी वर न बघता विचारलं, "सगळं ठीक?" "हो. टाकी आली," ती म्हणाली. चौथीच्या वर्गात जाऊन तिनं फळ्यावर भागाकार मांडला, बाकी चुकीची लिहिली, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं "बाई, पाच उरतात" म्हटल्यावर तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती मुलगी मुकाट्यानं खाली बसली. तीस वर्षं एका घरात राहून तिला नवऱ्याचं हसणं ओळखता आलं नव्हतं. त्याची हसणी तिला माहीत होती, नाही असं नाही. पाहुण्यांसमोरचं ओठ मिटून हसणं, कंपनीतला कुणी भेटला की मान हलवून हसणं, मुलगी रोशनी लहान असताना तिला खांद्यावर घेऊन फिरतानाचं हसणं. हे त्यांतलं एकही नव्हतं. छातीच्या मध्यभागी काहीतरी गरम साचल्यासारखं वाटत होतं. तिला वाटलं, पित्त झालं असेल. सव्वाचारला शाळा सुटली, पंचवटीतून सिडकोची बस मिळाली, बसायला जागाही मिळाली, आणि सीबीएस स्टँडवर बस उगाच थांबून राहिली तेव्हा तिला कळलं की हे पित्त नाही. तीन वर्षांची रोशनी एकदा शेजारच्या बाईंना चुकून 'आई' म्हणाली होती, तेव्हा जे वाटलं होतं ते हे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, एका मोलकरणीबद्दल. तिनं खिडकीबाहेर तोंड केलं, जसं काही बसमधल्या लोकांना ते दिसलं असतं.

नवऱ्याचं नाव गोटीराम. लग्नाच्या पत्रिकेत तिच्या वडिलांनी ते 'गोविंद' असं छापून घेतलं होतं आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. तो सुरगाण्याकडच्या डोंगरातला, लहानपणी गुरं राखून मग आश्रमशाळेत शिकलेला, आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलेला. सरिताही त्याच समाजातली, पण तिचे वडील ती दोन वर्षांची असताना पेठ सोडून नाशकात सरकारी कचेरीत शिपाई म्हणून आले, आणि घरात त्यांनी गावाकडची बोली शिरू दिली नाही. कुणी नातेवाईक आला आणि तसं बोलू लागला की ते रेडिओचा आवाज मोठा करत. त्यामुळे सरिताच्या कानाला ती बोली कधी लागलीच नाही. तिला ती अंगणातून ऐकू येणाऱ्या परक्या घरातल्या भांडणासारखी वाटे, सूर कळायचा, शब्द नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तिनं गोटीरामला सुधारलं. 'नाय' नाही, 'नाही'. 'कठं' नाही, 'कुठं'. तो चिडत नसे. सुपरवायझरनं दिलेलं ड्रॉइंग हातात घ्यावं आणि त्याच मापाचा जॉब लेथवर काढून द्यावा तसं त्यानं तिचं मराठी घेतलं आणि दोन वर्षांत आकाशवाणीसारखं बोलू लागला. त्याची आई सुरगाण्याहून यायची तेव्हा मायलेक मागच्या ओट्यावर बसून हळू आवाजात काहीतरी बोलत. सरिता चहा घेऊन आली की दोघं गप्प होत, मग तो म्हणे, "आई विचारतेय, तुझी शाळा कशी चाललीय." तेव्हा तिला बरं वाटायचं ते. तिला तो मान वाटायचा. सासू जाऊन बारा वर्षं झाल्यावर, आता, बसमध्ये, तिच्या मनात आलं की त्या ओट्यावर तो कदाचित असाच हसत असेल, आणि आपण चहाचे कप वाजवत आलो की थांबत असेल.

आजार नव्याण्णव साली सुरू झाला. एकच जॉब त्यानं दोनदा काढला, मग माप घ्यायचं व्हर्नियर हातात धरून बराच वेळ नुसता उभा राहिला. तो तेव्हा बावन्नचा, हे काही विसरायचं वय नव्हे, म्हणून आधी सगळे हसले. कंपनीनं स्टोअरमध्ये बसवलं, पुढे दोन वर्षांनी स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म दिला. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश हा शब्द सांगितला आणि तो कागदावर लिहूनही दिला. "औषधानं फार फरक पडणार नाही," ते म्हणाले, "पण त्यांना रिकामं बसू देऊ नका. काहीतरी खेळायला द्या. पत्ते, कोडी, काहीही." सरितानं ते मनावर घेतलं. मेन रोडवरून भारताच्या नकाशाचं लाकडी कोडं आणलं, प्राण्यांच्या चित्रांची जोडपत्ती आणली, मोठ्या ठोकळ्यांवरची बाराखडी आणली. रोज संध्याकाळी सहाला, हातपाय धुतल्यावर, ती त्याला टेबलाशी बसवी. "हे काय? आठवा बरं. कालच बघितलं आपण." तो मध्य प्रदेशाचा तुकडा हातात धरून बसे आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम जमे. "म... म..." ती सुचवी. बरोबर आलं तर ती "शाब्बास" म्हणे. चुकलं तर बरोबर उत्तर सांगून तोच तुकडा पुन्हा हातात देई. त्या वेळी तिला खरोखर वाटत होतं की ती त्याच्याशी खेळतेय.

भागीबाई गेल्या दिवाळीनंतर आली. शाळेतल्या शिपायानं सुचवली. करंजाळीच्या पुढच्या पाड्यावरची, चाळिशीतली विधवा, पंचवटीत पेठ रोडला राहणारी. काम एवढंच की सरिता शाळेत जाते तेव्हा दहा ते पाच गोटीरामजवळ बसायचं, जेवू घालायचं, बाहेर जाऊ द्यायचं नाही. आंघोळ, दाढी, संडास, कपडे सरिता स्वतः करी, पहाटे उठून, शाळेत जायच्या आधी. "त्यांचं अंगावरचं मी बघेन," तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. परक्या बाईनं नवऱ्याला नागवं बघावं हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. आता बसमधून उतरून घराकडे चालताना तिला वाटलं, आपण किती हुशार. घाण आपण ठेवून घेतली आणि दुपार तिला देऊन टाकली.

त्या गुरुवारी तिनं अर्धी रजा टाकली. घराच्या बाजूला बोळ होता आणि बोळात खिडकी, पडदा अर्धाच पोचणारा. दीड वाजता ती तिथं उभी राहिली, स्वतःच्या घराच्या खिडकीशी, पर्स छातीशी धरून. गोटीराम जमिनीवर उकिडवा बसला होता. तिनं त्याला वर्षभरात कधी खाली बसू दिलं नव्हतं, उठवताना त्रास होतो म्हणून. समोर भागीबाई. मधल्या फरशीवर खडूच्या रेघा होत्या, चौकट, तिच्यात तिरप्या रेघा, टोकांना त्रिकोण. खडू सरिताचाच, शाळेचा, कपाटातल्या डब्यातला. रेघा जिथं एकमेकींना भेटत तिथं चिंचोके मांडलेले आणि एका जागी एक पितळी नट, वाघ-बकरीच्या डावातला वाघ. गोटीरामनं नट उचलला, दोन चिंचोक्यांवरून उडवला, चौकटीबाहेर नेला, फरशीवरून सरपटवत पार पलंगाखाली नेला. भागीबाईनं तोंडावर हात घेऊन काहीतरी म्हटलं, त्यांच्या त्या बोलीत. त्यानं उत्तर दिलं. ज्याला संध्याकाळी 'पाणी' हा शब्द सापडत नसे तो एक आख्खं लांब वाक्य बोलला, आणि मग दोघं हसले. पलंगाखाली वाकून वाघ शोधताना भागीबाईचा पदर खांद्यावरून सरकला, तिनं तो नीट केला. त्यात काहीच नव्हतं. सरितानं बघितलं होतं की त्यात काहीच नाही, आणि त्यानंच तिला जास्त त्रास झाला. दुसरं काही असतं तर तिला निदान ओरडता आलं असतं.

त्यानंतर पंधरा दिवस ती जमेल तेव्हा लवकर येऊ लागली. शाळेत डोकं दुखतं, बँकेत काम आहे, काही ना काही सांगून. खिडकीत पाच मिनिटं, कधी दहा मिनिटं उभी राही, मग घरात शिरे. ती शिरेपर्यंत गोटीराम बहुतेक वेळा खेळ सोडून भिंतीकडे तोंड करून बसलेला असे. संध्याकाळी ती ओल्या फडक्यानं खडूच्या रेघा पुसून काढी, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिथंच, त्याच फरशीवर असत. रात्रीच्या जेवणात ती त्याला विचारी, "आज काय खेळलात?" तो तिच्याकडे सभ्यपणे बघे आणि म्हणे, "काही नाही." शुद्ध, स्वच्छ, तिनंच शिकवलेलं 'काही नाही.' तिच्या मनात मग काय काय येत राही. ह्या बाईनं सात महिन्यांत जे मिळवलं ते आपल्याला तीस वर्षांत दिसलंसुद्धा नाही. पण मिळवलं तरी काय तिनं? गुरं राखणारं एक पोर, जे सरिताच्या आधीचं होतं, जे तिनं घरात येऊच दिलं नव्हतं. ते पोर इतकी वर्षं कुठंतरी थांबून राहिलं होतं आणि आता, घर रिकामं होतंय म्हटल्यावर, आत येऊन बसलं होतं. त्याला ह्या घरात सरिताचं नावही ठाऊक नव्हतं. तिला त्या पोराचाही राग यायचा. एकदा भाजी चिरताना तिनं हळूच, कुणी ऐकत नाही बघून, 'कठं' हा शब्द म्हणून पाहिला. तिच्या तोंडात तो नक्कल केल्यासारखा वाटला. तिला स्वतःची लाज वाटली आणि भागीबाईचा आणखी राग आला.

रविवारी भागीबाईची सुट्टी. सरितानं ठरवलं, आज आपण खेळायचं. पुढची खोली झाडून घेतली, खडू घेतला, आणि चौकट काढली. पट्टी लावून काढली, सरळ. वाघ-बकरीचे नियम तिनं शाळेतल्या शिपायाला विचारून वहीत लिहून घेतले होते. गोटीरामला हाताला धरून खाली बसवलं, स्वतः बसली. गुडघे दुखले. "हा तुमचा वाघ. ह्या माझ्या बकऱ्या. चला," ती म्हणाली, होईल तितक्या आनंदी आवाजात. त्यानं नट उचलला आणि थेट तीन घरं ओलांडून ठेवला. "असं नाही," तिच्या तोंडून गेलं. "एकच बकरी ओलांडायची, आणि पुढचं घर रिकामं असेल तरच." त्यानं नट परत उचलला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा कुठंतरी ठेवला. तेही चुकलं. "अहो, रेघेवर ठेवा ना. रेघा दिसतायत ना?" तो थांबला. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला. मग त्यानं नट खाली ठेवला, उजवा हात पुढे केला, तळवा वर करून, बोटं ताणून, आणि मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, बाई." तिला आधी कळलंच नाही की तो काय मागतोय. तिला वाटलं चिंचोका हवाय, तिनं तळहातावर चिंचोका ठेवला. त्यानं तो पडू दिला. हात तसाच. डोळे घट्ट मिटलेले. मग तिला कळलं. शाळेत अशी हजारो पोरं तिनं बघितली होती, पट्टीची वाट बघणारी. आणि तिची पट्टी, जिनं तिनं चौकट काढली होती, शेजारीच पडलेली होती. "अहो, मी आहे," ती म्हणाली. "सरिता." त्यानं डोळे उघडले नाहीत. "मी नाय बोलणार तसं, बाई," तो म्हणाला, आणि 'नाय' ऐकून स्वतःच दचकून हात आणखी पुढे केला.

सोमवारी सकाळी भागीबाई आली तेव्हा सरिता दारातच होती. "आजपासून येऊ नको," ती म्हणाली. "रोशनी येतेय पुण्याहून, महिनाभर राहणार आहे. मीही रजा टाकतेय." भागीबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. "बरं बाई," ती म्हणाली. चप्पल घालता घालता थांबली. "दोन वाजता भूक लागते दादांना. मागत नाय ते, पण अंगठा दाताखाली धरतात. तेवढं बघा." सरितानं दार लावून घेतलं. हे आपल्याला माहीत नव्हतं, आणि आता माहीत झालं तेही हिच्या तोंडून, ह्याचाच तिला सबंध दिवस संताप येत राहिला. दोन वाजता गोटीरामनं अंगठा दाताखाली धरला तेव्हा तिनं मुद्दाम दहा मिनिटं जाऊ दिली, आणि मग घाईघाईनं, स्वतःवरच चिडून, त्याला दूधपोळी कुस्करून भरवली.

तीन दिवस तो सकाळी दहाच्या सुमाराला दाराकडे बघत बसला. चौथ्या दिवशी बघायचा थांबला. सरिताला वाटलं, विसरला, बरं झालं. पण तो बाकीचंही विसरू लागला, चावायचं, गिळायचं, उठून उभं राहायचं. तिनं गाणी लावली, कोडं आणलं, जोडपत्ती आणली. एकदा नुसता खडू हातात घेतला तर तो खुर्चीतून लांबूनच तळवा पुढे करून बसला. तिनं खडू मोरीत फेकला. रोशनीचा पुण्याहून फोन आला. "आई, भागीमावशीला का काढलंस पण?" "सारखी खेळत बसायची," सरिता म्हणाली. "मग त्याचसाठी होती ना ती?" रोशनी म्हणाली. सरितानं पदरानं नाक पुसलं. "आई, तू रडतेयस का?" "नाही ग. सर्दी झालीय," ती म्हणाली. तेराव्या दिवशी गोटीरामनं दुपारचं जेवण तोंडात धरून ठेवलं, गिळलंच नाही. तिला बोटानं बाहेर काढावं लागलं. त्यानं तिला विरोध केला नाही. त्यानं काहीच केलं नाही. शेजारच्या बाईंना तासभर बसायला सांगून ती पंचवटीला निघाली.

पेठ रोडच्या वस्तीत कळलं की भागीबाई भाजीबाजारात असते. ती सापडली कडेला, फाटक्या पोत्यावर, समोर कोळूच्या रानभाजीच्या जुड्या, गावाकडून सकाळच्या जीपनं आलेल्या. गिऱ्हाईक नव्हतं. सरिताला उभं राहून बोलणं जमेना. ती साडी सावरून तिच्यासमोर उकिडवी बसली, रिक्षांच्या आवाजात.

"रोशनीताई गेली का?" भागीबाईनं विचारलं.

"आलीच नव्हती."

"ठावं होतं मला." तिनं भाजीवर पाणी शिंपडलं. "दादा कसे हायेत?"

"खात नाहीत." सरिता म्हणाली, "तू काय बोलतेस त्यांच्याशी? एवढं काय असतं?"

"काय नाय ओ. वाघ आला, बकरी पळाली, तुझी बकरी लंगडी. ढोरांमागे पोरं बोलतात तसं." भागीबाईनं तिच्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही खिडकीत उभ्या राहायच्या ना. मला दिसायच्या. दादांनाबी दिसायच्या. सावली पडायची फरशीवर. मग ते खेळ मोडून भिंतीकडं फिरायचे."

इतके दिवस सरितानं चोरून बघितलं होतं ते कुणाचं तरी सुख, आणि दर वेळी बघता बघता तेच मोडलं होतं. "मला फार राग यायचा तुझा," ती म्हणाली. इतकं सरळ तिनं आयुष्यात कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"कळायचं की. माझी सासू मरायला टेकली तर धाकट्या जावेच्या हातचंच पाणी प्यायची. तीन वर्सं हागणंमुतणं मी काढलं. लय जळले मी. जावेच्या तांब्यात थुंकले एकदा." तिनं हे हसून सांगितलं नाही. एका बाईनं जुडीचा भाव विचारला, तो तिनं सांगितला, ती बाई पुढे गेली. मग भागीबाई म्हणाली, "येते मी उद्यापासून. पण एक सांगते. घरी असाल तर आत येऊन खाली बसायचं, आमच्यासंगं. नायतर शाळेत जायचं. खिडकीत उभं नाय राहायचं."

"मला खेळता येत नाही."

"मग तर बरंच हाय," भागीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भागीबाई आली, आणि काही चमत्कार झाला नाही. गोटीराम तिलाही ओळखीनं हसला नाही. ती त्याच्याजवळ नुसती फरशीवर बसली, कोळशाच्या तुकड्यानं रेघा ओढल्या, वाकड्या, आणि स्वतःशीच खेळत बसली, दोन्ही बाजूंनी, दोघांचं बोलत. तास गेला. मग तो खुर्चीवरून घसरत खाली आला आणि त्यानं वाघ तिच्या हातातून हिसकावून घेतला. सरिता स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. "बाई," भागीबाईनं हाक मारली, "बकऱ्या घ्या." ती येऊन बसली. पहिला तास तिनं जीभ दाताखाली धरून काढला. वाघ रेघा सोडून जाई, मेलेल्या बकऱ्या परत उठत, एकदा त्यानं एक चिंचोका खऱ्यानंच तोंडात टाकला आणि भागीबाईनं गालावर चापटी मारून तो थुंकायला लावला. सरिता नुसते चिंचोके पुढे ढकलत राहिली. वाघ येऊन ते खाई. खाताना तो तिच्याकडे, तिच्या डोळ्यांत, बघे, हिनं काही म्हणावं अशी वाट बघे. शेवटी तिनं, काय म्हणावं ते न सुचून, बकरीसारखं "ब्याँ" केलं. आवाज फारच बारीक निघाला. त्यानं डोकं मागे टाकलं आणि तो हसला, पोटातून, मग नाकातून, मग उचकीसारखं. इतक्या जवळून तिनं ते पहिल्यांदा बघितलं. त्याचा एक मागचा दात पडलेला होता. रोज दात घासून देणाऱ्या तिला हे माहीत नव्हतं.

हसणं ओसरल्यावर तो भागीबाईकडे झुकला आणि सरिताकडे बोट करून त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटला. भागीबाईनं उत्तर दिलं. त्यानं जोरात मान हलवली आणि बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं.

"काय म्हणाले?" सरितानं विचारलं.

"इचारतात, ही कोण. मी म्हटलं, तुमची बायको नाय का ही. तर म्हणाले, खोटं. माझी बायको शाळेत जाते. पाचला येते ती. लय शिकलेली हाय, म्हणाले. ती आली की बघ."

सरितानं एक चिंचोका उचलला आणि पुन्हा त्याच जागी ठेवला. म्हणजे कुणीतरी होती. हा माणूस दिवसभर कुणाची तरी वाट बघत होता, अभिमानानं बघत होता, आणि ती बाई रोज पाचला येऊन फरशा पुसत होती आणि त्याला नकाशा हातात देत होती. तिला त्या बाईचा इतका हेवा वाटला की क्षणभर दिसेनासं झालं.

कोपऱ्यावरून अंबडच्या कारखान्यांतून सुटलेल्या पाळीची बस वळली, तिचा हॉर्न वाजला. गोटीरामनं मान वर केली. त्याची पाठ हळूहळू सरळ झाली. त्यानं शर्टाच्या बाहीनं रेघा पुसायला सुरुवात केली, चिंचोके गोळा केले. "चला, आवरा," तो म्हणाला, सावकाश, एकेक शब्द शोधून, पण स्वच्छ, आकाशवाणीसारखं. "सरिता येईल आता." मग सरिताकडे वळून, पाहुण्यांशी बोलावं तसं, "बाई, तुम्हीही निघा. तुम्हाला उशीर होईल." पलंगाला धरून तो उठला, खुर्चीत जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी केस चापून बसवू लागला.

सरिता गुडघ्यावर हात टेकून उठली. खुंटीवरची पर्स घेतली, चप्पल घातली. "येते हं," ती म्हणाली. "या," तो म्हणाला. बाहेर अजून ऊन होतं. ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत चालत गेली आणि तिथं उभी राहिली. इस्त्रीवाल्यानं "काय बाई, कपडे?" विचारलं, ती नको म्हणाली. तिनं पर्समधून रुमाल काढून हाताला लागलेला कोळसा पुसला. केस नीट केले. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परत येताना अशीच ती एकदा थांबली होती कुठंतरी, आता कुठं ते आठवत नव्हतं. मग ती परत चालत आली आणि आपल्या घराच्या दाराची बेल वाजवली.

दार त्यानंच उघडलं. मागून भागीबाईनं त्याच्या कोपराला हात लावलेला होता. "आलीस?" तो म्हणाला. "उशीर झाला."

"बस मिळाली नाही."

ती खुर्चीत बसली. तो तिच्यासमोर उभा राहिला, काहीतरी सांगायचं असल्यासारखा, ओठ हलवत. "आज एक बाई आल्या होत्या," तो म्हणाला. "खेळायला."

"हो?"

"खेळ येत नाही त्यांना." तो आठवत राहिला, आणि आठवता आठवता त्याच्या चेहऱ्यावर ते हसू परत आलं, थोडंसं, फक्त डोळ्यांत. "बकरीचा आवाज काढतात."

सरिताच्या छातीत पुन्हा ते गरम काहीतरी हललं. तीस वर्षांत तिच्याबद्दल बोलताना त्याचे डोळे असे झाले होते का, हे तिला कधीच कळणार नव्हतं, कारण ती नसतानाच तो तिच्याबद्दल बोलला असणार. "कशा होत्या दिसायला?" तिनं विचारलं.

त्यानं बराच विचार केला. "बऱ्या होत्या," तो म्हणाला. मग जरा भीत भीत, तिच्या तोंडाकडे बघत, "उद्या बोलवू का त्यांना? तुला चालेल?"

भागीबाई चहाचं आधण ठेवता ठेवता थांबली.

"बोलवा," सरिता म्हणाली. "फक्त मी यायच्या आत जायला सांगा त्यांना."

"सांगतो," तो म्हणाला, आणि मान डोलावली.